भिंत नसलेलं दार

खिंडीच्या माथ्यावर हे जे शेंदूर फासलेलं दार उभं आहे, त्याला भिंत नाही, छप्परही नाही. लोक त्याला दारमाई म्हणतात. नवी मोटार घेतली की मालक आधी ती इथे आणतो, नारळ वाढवतो, मगच प्रवासी घेतो. मी इथला गुरव. फोडलेल्या नारळाचं एक भकल माझं. म्हणून मी ही गोष्ट गोड करून सांगेन असं वाटत असेल, तर ते सोडून द्या.

एसटी नव्हती तेव्हा या घाटात जयलक्ष्मी नावाची सर्व्हिस मोटार धावायची, असं सांगतात. त्या काळी कारखान्यातून नुसता सांगाडा यायचा, इंजिन आणि चाकं. वरचं घर गावातच बांधायचं. खर्डेकर मालकांनी ते काम दादू मेस्त्रीला दिलं. त्याने सागवानी चौकट उभी केली, पत्रा मारला, टपावर सामानाची जागा केली, खिडक्यांना गज बसवले. चढउतारीला डावीकडे एक दार, आणि अडीअडचणीला पाठीमागे दुसरं.

पूजेच्या दिवशी मालकांच्या आईने ते मागचं दार पाहिलं. दिवेलागणीला आपण घराचं मागचं दार लावतो ना, लक्ष्मी निघून जाऊ नये म्हणून? म्हातारीने तोच नियम मोटारीला लावला. मालक म्हणाले, "मेस्त्री, खिळे ठोक. अन् तिथं बाकडं टाक, दोन माणसं जास्त बसतील."

"मालक, गाडी कलंडली तर माणसं कुठनं निघायची?"

"नव्या गाडीम्होरं अभद्र बोलू नगंस."

मेस्त्रीने खिळे ठोकले. हाताचा पक्का माणूस, एकही खिळा वाकडा गेला नाही म्हणे.

पुढे पंचमीला त्याची लेक सुंद्रा त्याच मोटारीने माहेरी यायला निघाली. तिला उतरून घ्यायला तो खिंडीत उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत याच वळणावर गाडी डाव्या अंगावर पडली. दार खाली दबलं, खिडक्यांना गज, इंजिनाने पेट घेतलेला. आतून लोक मागचं दार बडवत होते. "आबा, दार उघडा!" हा आवाज त्याने ओळखला. हातात हत्यार नव्हतं, तो नखांनी खिळे उपटत राहिला. एकही निघाला नाही.

आग विझल्यावर ते काळं पडलेलं दार मेस्त्रीने खांद्यावर आणून इथे रोवलं. इथून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीने मागचं दार उघडून दाखवायचं, तोवर तिला पुढे सोडायचं नाही, अशी त्याने शपथ घेतली. मरेपर्यंत तो रस्त्यात आडवा पडून गाड्या अडवायचा. ड्रायव्हर शिव्या देत, पण दार उघडत. तो गेला आणि लोकांनी दाराला शेंदूर फासला. देवी कुणाला अडवत नाही, तिचं नारळावर भागतं. हा ओटा मालकांनी बांधला. पाटीवर नाव त्यांचंच आहे.

आजही प्रत्येक नवी गाडी इथे थांबते. परवा एक लांब पल्ल्याची स्लीपर आली. आत गाद्या, पडदे, थंडगार हवा. मी ड्रायव्हरला म्हटलं, "बाबा, मागचं दार उघडून दाखव."

तो हसला. "त्याच्यावर बर्थ बसवलाय काका, दोन माणसं जास्त झोपतात. अन् आई आहे की बघायला."

मी नारळ फोडला. खाली गाडी उभी आहे ना, तुम्ही आलात ती? तीच. पाया पडा, पण शेंदरावरून जरा बोटं फिरवून बघा. मेस्त्रीचे खिळे अजून हाताला लागतात. ते काढावेत असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.