बोरगडच्या बाहेरून आलेला हुकूम

हुकूम परत आला! एकदा नव्हे, चांगला तीनदा!

बोरगडचे मार्तंडराव राजे गुडघ्यांच्या उपचारासाठी परदेशात येऊन बसले होते. तिथून त्यांनी दरबारच्या संगणकावर हुकूम धाडला, की तळ्याचं पाणी टाकळीच्या पाटाला सोडावं. संगणकानं विचारलं, ‘कुठून बोलताय?’ आणि परमुलखाचं नाव दिसताच धाडकन दार लावून घेतलं.

राजांबरोबर आलेली त्यांची स्वयंपाकीण हौसा हे बघत होती. टाकळी तिचं गाव. तिथं कांदा हातातोंडाशी आलेला आणि विहिरींनी तळ गाठलेला. बोरगडच्या घड्याळात पाच वाजायच्या आत हुकूम पोचला नाही, तर पाण्याची पाळी जाणार त्र्यंबकपंत दिवाणांच्या उसाला!

“सरकार, हा नियम तुमचाच ना? मग बदला की!”

“अजिबात नाही!” राजे गरजले. “‘बोरगड सोडून गेलेल्याचा हुकूम मानू नये.’ परदेशात बसलेल्या एका भामट्यानं माझ्या नावानं माझाच हत्ती विकायला काढला, तेव्हा केलाय हा नियम. आज तो माझ्यासाठीच वाकवला, तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

राजे एकदा अडून बसले, की त्यांच्यापेक्षा बैल बरे. ते निदान कडब्याला तरी भुलतात!

“ऐक हौसे! या खुर्चीतून मी उठणार नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. सही मीच करणार. नियमाचा कानामात्रा हलणार नाही. आणि तरी हुकूम बोरगडच्या राजवाड्यातूनच निघाला पाहिजे. जमतंय का? नसेल तर जा, भाकऱ्या थाप!”

“न जमायला काय झालं?” पदराला हात पुसत हौसा म्हणाली आणि तिनं थेट राजवाड्याच्या पहारेकऱ्याला फोन लावला. “गेनूकाका, मुदपाकखान्यातल्या फडताळावरचा तो इंटरनेटचा डबा चालू करा. हां, तोच, हिरवे दिवे लुकलुकतात तो. आणि काका, त्याच्यावर झारा ठेवू नका हो!”

मग ती राजांच्या लॅपटॉपपाशी बसली आणि टकाटक बोटं चालवू लागली.

“अगं, हे चाललंय काय?”

“सरकार, हुकूम इथून सरळ दरबारात धाडायचाच नाही. तो बंद लिफाफ्यात घालून आधी तुमच्या घरी पाठवायचा. घरचा डबा लिफाफा फोडणार आणि आतला हुकूम आपल्या दारानं दरबारात पोचवणार. वाटेत कुणाला डोकावता यायचं नाही. सही तुमची आणि दारही तुमचंच!”

“हे तुला शिकवलं कुणी?”

हौसा लाजली. “कुस्त्यांनी! बोरगडच्या जत्रेतल्या कुस्त्या इकडं दिसत नाहीत. ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणतात मेले! तिथं माझा भाऊ लढणार आणि मी इथं नुसतं पीठ मळत बसू? निघायच्या आधीच डबा लावून आले.”

राजांनी सही केली. संगणकानं विचारलं, ‘कुठून बोलताय?’ आणि पुढं स्वतःच लिहिलं, ‘राजवाडा, बोरगड.’ दार उघडलं! बोरगडात पाचला वीस मिनिटं कमी होती.

तेवढ्यात पडद्यावर पगडी सावरत त्र्यंबकपंत हजर! मागं सगळा दरबार.

“हुकूम रद्द! बोरगडात आहे तो डबा, महाराज नव्हेत! नियमात डब्याचं नाव नाही, माणसाचं आहे. ‘बोरगड सोडून गेलेल्याचा!’ आणि महाराज तर गेलेत!”

राजांचा चेहरा पडला. “हौसे, पंत लबाड आहे, पण बोलतोय ते खरं आहे. नियम म्हणजे नियम.” हुकूम मागं घ्यायला त्यांनी बोट पुढं केलं.

हौसाच्या डोळ्यांपुढं कांद्याची वाळकी पात उभी राहिली. तिला रडूच फुटायचं, पण त्याआधी राग आला.

“थांबा सरकार! पंत, महाराज निघाले तेव्हा तुम्ही होतात ना वेशीपाशी?”

“होतो म्हणजे? त्यांच्या हातावर दही मीच घातलं!”

“मग निघताना महाराज काय म्हणाले? ‘पंत, जातो’ म्हणाले?”

“शिव शिव शिव!” पंतांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “काय अभद्र बोलतेस! ‘जातो’ कसं म्हणतील? ‘येतो’ म्हणाले!”

“ऐकलंत ना सगळ्यांनी? महाराज ‘येतो’ म्हणून निघालेत आणि अजून येतातच आहेत. वाटेत गुडघे दुखले म्हणून घटकाभर टेकलेत, एवढंच! तरी पंतांचा हट्टच असेल, तर घ्या कागद. ‘आमचे महाराज गेले’ असं लिहा आणि खाली सही ठोका!”

पंतांना दरदरून घाम फुटला. “छे छे! गेले कसले? महाराज शतायुषी होवोत! महाराज... महाराज इथंच आहेत!”

राजे असे काही हसले, की नर्सबाई औषध घेऊन धावत आल्या! डोळे पुसत त्यांनी मनगटातला सोन्याचा तोडा काढला आणि हौसाच्या हातावर ठेवला.

“पंत, पाटाच्या दाराची किल्ली आत्ताच्या आत्ता टाकळीकरांकडं द्या. यापुढं पाळी लावणार हौसाचं गाव!”

पाचला पाच कमी असताना पाटकऱ्यानं चाक फिरवलं. टाकळीच्या कोरड्या पाटात पाणी शिरताना सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं, आणि तोडा मुठीत धरून हौसा हसता हसता रडायला लागली.