पाणपोईचं कुलूप

फार पूर्वी, घाट उतरला की पहिलंच लागायचं असं एक गाव होतं. त्याच्या वेशीवर दगडी पाणपोई होती. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तिथं दगडी सिंहाच्या मुखातून अखंड पडायचं. गावच्या इनामदाराच्या पणजीनं ती वाटसरूंसाठी बांधली होती.

इनामदाराचा त्या पाणपोईवर फार जीव. पण पाणी प्यायला वाकणारा जो तो सिंहाच्या डोक्यावर हात टेकायचा. आयाळ झिजून गुळगुळीत झाली, एक कान तर गेलाच. इनामदाराला ते बघवेना. त्यानं लोहाराकडून पाणपोईभोवती गज ठोकून घेतले आणि दाराला कुलूप घातलं.

"सकाळ-संध्याकाळ मी स्वतः उघडीन," तो गावकऱ्यांना म्हणाला. "तेवढ्यात पाणी भरून घ्या."

गावकऱ्यांनी माना डोलावल्या. घागरी भरून ठेवल्या की त्यांचं भागत होतं.

उन्हाळा आला. एका भर दुपारी इनामदार शेतावरून परतत होता. पाणपोईपाशी मीठ विकत हिंडणारं एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारा डोळे मिटून आडवा पडला होता. त्याची बायको गजांमधून पदराचं टोक आत फेकत होती. ते धारेपर्यंत पोचत नव्हतं. शिंतोड्यांनी भिजेल तेवढंच ती नवऱ्याच्या ओठांवर पिळत होती.

किल्ली घरी होती. इनामदार धावत सुटला. पायातली एक वहाण निसटली, तरी थांबला नाही. परत येऊन त्यानं कुलूप काढलं आणि ओंजळी भरभरून म्हाताऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि घोटभर पाणी घेतलं.

मग म्हातारीही पोटभर प्याली. गजांकडे बघत तिनं विचारलं, "आत कोनता देव हाय, मालक?"

"देव नाही, बाई. पाणीच आहे."

"मग कुलूप कशापायी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. पणजीचा दगड जपता जपता आपण तिच्या पुण्याईलाच कुलूप घातलं, हे इनामदाराला उमगलं.

त्याच दिवशी त्यानं लोहाराला बोलावून गज काढायला लावले.

"सिंह झिजंल की, मालक," लोहार म्हणाला.

"झिजू दे."

पुढं सिंहाचं तोंड ओळखूच येईना. नवखा वाटसरू हटकून विचारायचा, "हे बैलाचं तोंड की वाघाचं?"

पण विचारायचा तो पाणी पिऊन झाल्यावर.

तात्पर्य: लोकांसाठी उभारलेलं लोकांच्या हातांनी झिजलं, तरच ते जपलं म्हणायचं.