पंधराव्या मिनिटाचा गजर

"पण थांबायचं तरी किती, बुवा? मिनिटं सांगा, तेवढी घालतो."

हेरंबनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. सावळारामबुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा काढला आणि बाजूला ठेवला.

"बुवा...?"

दुसरा खडा निघाला.

हेरंब तालुक्याच्या गावाहून दर गुरुवारी मठात यायचा, त्याला दोन वर्षं झाली होती. कॉम्प्युटरच्या कामात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. जिल्ह्याला हे ठाऊक नसलंच तर तो स्वतः सांगायचा. बाकी पोरगा सोन्यासारखा.

त्याचं काम असं. पहाटे पाचला एकवीस रक्तपेढ्यांकडून शिल्लक पिशव्यांचे आकडे यायला लागायचे. त्याचा प्रोग्राम ते एका यादीत लिहायचा. यादी लिहून झाली की पुढची कामं आपोआप सुटायची. दवाखान्यांना निरोप जायचे, रक्त कमी असेल तिथे गाडी निघायची.

लिहून झाली की म्हणजे काय, तर घड्याळात पाच वीस झाले की! लिहायला सोळा मिनिटं लागतात, वर चार सोडली, झालं. हेरंबच्या मते यात चुकायला जागाच नव्हती.

मंगळवारी आकडे रखडले. पाच वीसला यादी अर्धीच होती, आणि ज्या पेढ्या लिहायच्या राहिल्या त्यांच्यापुढे नुसतं शून्य. निरोप मात्र कसे अगदी वेळेवर सुटले. त्या सकाळी एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. डॉक्टरांनी यादी बघितली, तर गावच्या पेढीपुढे शून्य. तिचा नवरा सत्तर किलोमीटर लांब धावला. आणि दवाखान्यासमोरच्या पेढीत तिच्या गटाच्या चार पिशव्या पडून होत्या.

बाई वाचली. बाळही छान आहे, देवाची कृपा.

पण दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसात आला. तो भांडला असता तर हेरंबला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, यादीत शून्यच होतं ना? मला वाटलं, माझंच काही चुकलं."

तेव्हापासून हेरंबच्या घशाखाली घास उतरत नव्हता. उद्या त्याला वरिष्ठांपुढे उपाय मांडायचा होता. तो पटला नाही तर यादी बंद, आणि दवाखान्यांनी पुन्हा एकवीस ठिकाणी फोन फिरवत बसायचं.

"वीसची चाळीस करतो," तो म्हणाला. "पण मग निरोप उशिरा जातात, सकाळी ऑपरेशन असेल त्यांची पंचाईत. आणि एखाद्या दिवशी पन्नास लागली तर?"

"तर काय?"

"अहो, तेच तर विचारतोय!"

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"आज पंगतीचा गजर तू दे."

हेरंबची कळी खुलली. पंगतीबद्दल त्याच्या मनात कधीचं साचलं होतं. मठाचा बेत साधा. मीठ, भात, आमटी, आणि शेवटी तूप. तूप बुवा स्वतः वाढायचे. प्रत्येक पानाशी वाकायचे, पानात बघायचे, मग चमचाभर तूप सोडायचे. शेवटच्या पानावर तूप पडलं की तिथूनच 'पार्वतीपते' म्हणायचे, साठ माणसं 'हर हर महादेव' म्हणायची आणि मग पहिला घास. तोवर सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. आमटी निवायची.

"मी सहा गुरुवार मोजलंय, बुवा. भात-आमटीला चौदा मिनिटं लागतात, सरासरी. वेळ खातं ते तूप! भाताबरोबरच घातलं तर एका फेरीत दोन कामं होतात."

अनसाक्का स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली. मठाची चूल तीस वर्षं तिच्याकडे होती.

"सरासरीनं पोट भरतं होय रे? आज माझा खांदा धरलाय. त्याला विचारलंस का?"

"एक मिनिट जास्तीचं धरलंय, अक्का. पंधरा."

"अगं बाई! एक अख्खं मिनिट! उपकार झाले."

बुवा हसले. "आज त्याच्या मनासारखं होऊ दे."

दुपारी पंगत बसली. बुवाही आज पंगतीत बसले, अगदी टोकाला, खांबाच्या पलीकडे. भाताच्या मागोमाग तूप निघालं, तुपामागे आमटी. हेरंब दाराशी घड्याळ धरून उभा राहिला.

चौदा झाली.

पंधरा.

"पार्वतीपते...!"

"हर हर महादेव!"

साठ हात पानात गेले. आमटी वाफाळत होती, लोक खूश, भुरके ऐकू येत होते. हेरंबची छाती फुगली. रांगेच्या कडेकडेनं, कुणाला काही हवं-नको विचारत, तो निघाला.

खांबाशी आला आणि थबकला.

बुवांच्या पत्रावळीवर चिमूटभर मीठ होतं. बाकी काही नाही. भाताचं पातेलं शेजारच्या पानाशी संपलं होतं, दुसरं आणायला वाढपी आत गेला होता. भातच नाही म्हणून तूप थांबलं आणि आमटीही परत वळली.

बुवांनी डोळे मिटून नाव घेतलं. बोटानं मीठ उचललं, जिभेवर ठेवलं. वरून तांब्यातलं पाणी प्यायले. मग पत्रावळ नीट दुमडली.

अनसाक्का खांदा दाबत, भाताचं पातेलं ओढत आली ती पत्रावळीकडे बघतच राहिली. दुमडलेल्या पानावर कोण वाढणार?

"बुवा!" हेरंब कळवळला. "पानात काहीच नव्हतं हो!"

"मीठ होतं."

"हाक का नाही मारलीत?"

"गजर झाला. जेवा म्हणालास, जेवलो."

"पण मीठ म्हणजे काय जेवण..."

"मला वाटलं," बुवा म्हणाले, "आजचा बेत एवढाच आहे."

हेरंबला तो ऑफिसातला नवरा समोर बसल्यासारखा वाटला. त्याला मनापासून लाज वाटली. डॉक्टर चुकले नव्हते, नवरा चुकला नव्हता, घड्याळसुद्धा चुकलं नव्हतं. त्यांना जेवा म्हणून सांगितलं होतं आणि ते जेवले होते.

हातातलं घड्याळ खिशात टाकून तो आत गेला.

दुसरी पंगत स्वयंपाकघरातल्या बायकांची आणि उशिरा आलेल्यांची. तिला तूप वाढायला हेरंब स्वतः उभा राहिला. पहिल्या पानाशी वाकला. मीठ आहे, भात आहे, आमटी आहे... तूप. पुढचं पान. मीठ, भात, आमटी... तूप. सातव्या पानात आमटी नव्हती. त्यानं चमचा मागे घेतला.

"आमटी!"

आमटी आली, मग तूप सोडलं. विसाव्या पानात मीठच राहिलं होतं, तिथेही तो थांबला. एक जाडजूड पाहुणा कुरकुरला, "अहो, आता महादेवाला हाक मारा की! पोटात कावळे ओरडताहेत."

"ओरडू द्या," अनसाक्का आपल्या पानावरून म्हणाली. "गाणं म्हणतात म्हणा."

शेवटच्या पानापुढे आसन होतं, माणूस नव्हता. हेरंब घुटमळला. कोण बसणार होतं म्हणून त्यानं विचारलं. गोठ्याकडचा गडी, तो आज जेवणार नाही असं सांगून घरी गेला, असं कुणीतरी म्हणालं. हेरंबनं ती पत्रावळ उचलून बाजूला ठेवली, एकदा पूर्ण रांगेकडे पाहिलं, आणि तिथूनच गजर दिला.

पंगत जेवली. कुणी काही मागितलं नाही, नुसते भुरके. हेरंबला कालपासून पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

तो ओसरीवर बुवांकडे धावतच आला.

"बुवा, मिनिटं नकोत! यादीच्या अगदी शेवटी एकच ओळ घालतो. 'एकवीसही पेढ्या बघून झाल्या, लिहून झालं.' ही ओळ यादी लिहिणाऱ्या प्रोग्रामनंच लिहायची, सगळं तपासून. ती दिसेपर्यंत एक निरोप सुटायचा नाही, एक गाडी हलायची नाही. आणि दिसली की क्षणभरसुद्धा थांबायचं नाही. लवकर झालं तर लवकर!"

"आणि एखादी पेढी आलीच नाही तर?"

"तर तसंच लिहायचं. 'आकडा आला नाही.' शून्य नाही लिहायचं. डॉक्टर मग फोन करून विचारतील."

बुवांनी मान हलवली. हेरंबचा जीव भांड्यात पडला.

मग त्याच्या ध्यानात आलं की म्हातारा सकाळपासून उपाशी आहे. तो धावत आत गेला. नवी पत्रावळ मांडली, मीठ वाढलं, ऊन भात वाढला, आमटी वाढली. दोनदा वाकून पानात बघितलं, मग तूप सोडलं, चांगले दोन चमचे.

"पार्वतीपते," तो हसून म्हणाला, आणि लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवली. एक पाय वहाणेत सरकवला. "मी निघतो, बुवा. संध्याकाळच्या आत ही ओळ घालून टाकतो. तुम्ही जेवा सावकाश."

बुवा पानापुढे बसले. हात मांडीवरच होते.

"जेवा ना."

बुवा बसून राहिले.

"बुवा... मीठ आहे, भात आहे, आमटी आहे. तूपही वाढलं. काय राहिलं?"

भातावरचं तूप हळूहळू विरघळत होतं. बुवांनी शेजारचं आसन हातानं झटकलं.

"वाढपी अजून उभा आहे," ते म्हणाले.