शब्द नेला, शाल नेली

संस्थान खालसा करून साहेब विलायतेला निघाला. निरोपाच्या दरबारात उंची शाल पांघरून तो म्हणाला, "तुमच्याकडून मी चार शब्द तेवढे नेतोय. पायजमा, बाजार, खाकी, शाल. आणखी काही नेलं असेल तर सांगा."

सगळे माना खाली घालून बसले. साहेबाला फारसी शिकवणारे विसाजीपंत पारसनीस मात्र उठले.

"साहेब, शाल हा शब्द इराणातून आमच्याकडे आला, आमच्याकडून तुमच्याकडे गेला. तरी तो आज तिघांकडेही आहे. तुमच्या अंगावरची ही शाल दरबाराने माझ्या वडिलांना मानाची म्हणून दिली होती. जप्तीत तुम्ही ती नेलीत, तेव्हापासून ती एकट्या तुमच्याकडे आहे."

 साहेबाने शाल तेवढी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.