करकोच्याचं चाक

फार पूर्वी, पोलंड देशातल्या एका नदीकाठच्या गावात गाड्यांची चाकं करणारा एक सुतार राहायचा. हाताला कसब होतं, पण शेजाऱ्याचं बरं झालं की ह्याच्या पोटात दुखायचं.

थंडी सरली की त्या गावात करकोचे यायचे. ते ज्याच्या छपरावर घरटं बांधतील त्याच्या घरी बरकत येते आणि पाळणाही हलतो, अशी लोकांची समजूत. म्हणून लोक गवती छपरावर गाडीचं चाक आडवं बांधून ठेवायचे. आणखीही एक समजूत होती. घरटं मोडलं तर करकोचा चोचीत निखारा धरून येतो आणि मोडणाऱ्याचं छप्पर पेटवतो.

सुताराला मूलबाळ नव्हतं. यंदा करकोचा आपल्याकडेच आला पाहिजे, म्हणून त्याने नवं चाक केलं, तेल पाजून चकचकीत केलं आणि छपरावर चढवलं. शेजारी एक विधवा मधमाश्या पाळायची. तिने चाक मागितलं, तर ह्याने कोपऱ्यातलं मोडकं चाक तिच्यापुढे टाकलं.

"ने हे. तुझ्या छपराला पुष्कळ झालं."

करकोचे आले आणि बसले त्या मोडक्या चाकावर.

बायको म्हणाली, "अहो, तेलावर त्यांचे पाय घसरतात. पुढच्या वर्षी येतील."

पण ह्याला दम कुठला? त्यात विधवा मधाचं मडकं घेऊन आली. "दादा, तुमचं चाक लाभलं बघा मला."

ती मनापासून बोलली. ह्याला वाटलं, खिजवतेय. मडकं तसंच परत पाठवलं. येता-जाता तिच्या छपराकडे बघत जळफळायचा.

एक दिवस विधवा जत्रेला गेली. हा शिडी लावून तिच्या छपरावर चढला. पाखरं चोची वाजवत उडाली.

"काय करताय हे?" बायको खालून ओरडली. "अंडी आहेत त्यात."

"मोडतोय कुठे? नुसतं हलवतोय."

चाकासकट घरटं त्याने आपल्या छपरावर आणून बांधलं. पाखरं घिरट्या घालत राहिली, पण खाली उतरली नाहीत. अंडी गार पडली. मग जोडी विधवेच्या धुराड्यावर बसली आणि पुन्हा काड्या जमवू लागली. रिकामं घरटं ह्याच्या डोक्यावर, पाखरं तिच्या. चोर कोण, हे गावाला विचारावं लागलं नाही.

आता ह्याला निखाऱ्याची धास्ती बसली. पाखरू आपल्याच चुलीतला निखारा उचलेल, म्हणून त्याने चुलीत पाणी ओतलं. शिळा पाव चावत आभाळाकडे बघत बसायचा.

विधवेनेही घरातली चूल बंद केली. धुराड्यावरच्या घरट्यात नवी अंडी होती; धुराने पिल्लं गुदमरतील म्हणून तिने अंगणात चूल मांडली. रस्सा रटरटू लागला की शेजारपाजार आपापला वाडगा घेऊन जमायचा.

एके दिवशी सुताराची बायकोही वाडगा घेऊन निघाली.

"कुठे चाललीस?"

"जेवायला. तुम्ही बसा राखण करत."

निखारा कधीच आला नाही. पाखरांना पिल्लं होती, त्यांना ह्याच्यासाठी सवड नव्हती.

तात्पर्य, पोरांनो आणि थोरांनोही: दुसऱ्याचं सुख उचलून आणलं तरी ते आपल्या घरी नांदत नाही, आपली चूल मात्र विझते.