मिठाच्या ढिगाभोवतीची दोरी

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक कोठारीण राहत असे. गावातल्या प्रत्येक घराचं पावसाळ्यापुरतं भात तिच्या कोठारात असायचं. आषाढ-श्रावणात खाडी खवळली की बाहेरून दाणा येत नसे, त्यामुळे कोठार रिकामं झालं तर गाव उपाशी.

कोठारीण स्वभावाने महासंशयी. जावई दारात आला तरी आधी त्याच्या वहाणांना कुठला चिखल लागलाय ते बघायची. गावातली पोरं तिची नक्कल करायची. करोत बापडी! भाताची चिंता तिला होती, पोरांना नव्हती.

एका फाल्गुनात गावचा मिठागरवाला तिच्याकडे आला. माणूस कष्टाळू, बोलायला गोड.

"मावशी, नवी मिठागरं बांधतोय. मजुरांना खायला भात हवं. कोठारातलं सगळं द्या. वैशाखात घाटावरून बैलांचा तांडा येईल, तो मीठ नेईल आणि भात देईल. पावसाआधी तुमचं भात सवाईने परत, मणामागे सव्वा मण!"

"तारण काय ठेवतोस?"

"माझा मिठाचा ढीग."

"आणि जामीन?"

"पलीकडच्या काठावरचा माझा मेहुणा आहे की!"

"त्याचं कशावर चालतं?"

"मिठावरच."

कोठारणीच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे एक सर आली की तुझा ढीग, तू आणि तुझा मेहुणा, तिघं एकदमच भिजणार."

गावचा खोत मध्ये पडला. "अगं, याच्या सात पिढ्यांनी कुणाचं बुडवलं नाही. सवाई मिळतेय, देऊन टाक." सवाईचं नाव ऐकताच सगळा गाव माना डोलवायला लागला. फुकटच्या सवाईला मान डोलवायला काय जातं!

कोठारीण हटली नाही. "अर्धंच देईन. तेही एका अटीवर. ढिगाला मी दोरी बांधणार. दोरी सैल पडली तर जेवढं मीठ कमी झालं, तेवढ्याचं दुसरं काहीतरी माझ्याकडे आणून ठेवायचं. आणि ते मीठ नको."

मिठागरवाल्याने हसत हसत कबूल केलं. गावच्या रिवाजाप्रमाणे खोताने लाकडी ठसा राखेत बुडवून ढिगावर उमटवला. ठसा मोडला नाही, म्हणजे माल सुखरूप, अशी गावाची पिढ्यान्‌पिढ्या समजूत. कोठारणीने मात्र पायथ्याशी काथ्याची दोरी गुंडाळून गच्च गाठ मारली.

चैत्र सरत आला. वारा फिरला, हवेत ओल आली. कोठारीण रोज ढिगापाशी जाऊन दोरीखाली बोट घालून बघायची. "म्हातारी ढिगाची नाडी बघतेय," म्हणून बायका पदराआड हसायच्या.

एके सकाळी बोटच काय, सगळा हात आत गेला. ती तडक मिठागरवाल्याकडे गेली.

"दोरी सैल झाली. काय ठेवतोस?"

तो चिडला. "मावशी, ठसा बघा की! रेघसुद्धा हललेली नाही. मी काय मीठ चोरलं?"

"ठसा वर आहे, बाबा. मीठ खालून घाम धरतंय. तुझा पडाव आणून माझ्या दारात बांध."

"माझा पडाव? आजोबांच्या वेळची मालाची होडी?" त्याचे डोळे भरून आले. "तुमचा माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

खोताने तिला माणुसकी शिकवली, शेजारणींनी बोलणं टाकलं. तिला ते फार लागलं, पण शब्द म्हणजे शब्द. मिठागरवाल्याने पडाव आणून बांधला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

तांडा यायच्या आधीच वादळ आलं. झावळ्या उडाल्या, उधाणाने बांध फोडला, पाणी मिठागरांत शिरलं. मिठागरवाल्याचा ढीग गेला, मेहुण्याचाही गेला. सकाळी चिखलात एक दोरी तेवढी पडली होती, गाठ अजून तशीच गच्च.

पलीकडच्या काठावरच्या कोठारवाल्याने मेहुण्याला निव्वळ ठशावर सगळं भात दिलं होतं. त्या गावची माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन दारोदार फिरू लागली. ते बघून इकडे खोताचा चेहरा उतरला.

मिठागरवाला कोठारणीच्या ओट्यावर येऊन मटकन बसला. "मावशी, मी लबाड नाही हो. पण द्यायला आता काही उरलं नाही."

"पडाव आहे ना! खाडी खवळायला अजून थोडे दिवस आहेत. वरच्या गावांचा माल ने-आण कर. भाडं भातात घे आणि कोठारात टाक. आपलं पुरं झालं की पलीकडच्यांनाही दे. फिटलं की पडाव तुझा."

तो रात्रंदिवस खपला. खाडी बंद होण्याआधी कोठार गावाला पुरेल इतकं भरलं, पलीकडेही थोडं गेलं, आणि त्या श्रावणात दोन्ही काठांवर चुली पेटल्या.

पडाव सोडून नेताना तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही मला चोर समजता."

"चोर समजले असते तर मूठभरही दिलं नसतं," कोठारीण म्हणाली. "तू खराच आहेस. माझा संशय ढगावर होता."

एवढं बोलून तिने त्याच्या मुलांसाठी पदरात भात घातलं. घालण्याआधी सवयीने मापलं, हे सांगायला नकोच.

तात्पर्य: माणूस खरा असला म्हणून त्याचे दिवसही खरे ठरतील असं नाही; म्हणून द्यावं ते मापून, दिल्यावरही बघत राहावं, आणि देणेकऱ्याबरोबरच विरघळेल त्याला तारण म्हणू नये.