तिसरी पायरी

प्रमेयाची सिद्धता आपलीच आहे, असं कुंदा भोईर वर्षभर सांगत होती. विद्यापीठाच्या गणित विभागात एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवतील कसा? तिचे मार्गदर्शक टिपणीस सर ती सिद्धता ‘माझी’ म्हणत गावोगाव शाली पांघरून घेत होते, बिचारे.

पीएचडीच्या खुल्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, “सगळं सरांचंच, तर पदवी तुम्हाला कशाची द्यायची?”

“सरांचंच आहे हो,” कुंदा म्हणाली. “फक्त तिसरी पायरी चुकलीय, तेवढी सरांनी निस्तरावी.”

टिपणीस ताडकन उठले. “मी त्यातली एक ओळही लिहिलेली नाही. सगळं हिचंच आहे.”

परीक्षकांनी पायरी तपासली. बिनचूक निघाली.

“मग चुकलं कोण?” त्यांनी विचारलं.

कुंदा फळा पुसत म्हणाली, “टिपणीस सर.”